खान्देशातून केमिकल बायॉलॉजीत पीएच.डी.: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

२०२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल कॅरोलिन बर्टोझी, मॉर्टेन मेल्डाल आणि बॅरी शार्पलेस यांना मिळालं, तेव्हापासून केमिकल बायॉलॉजीबद्दल विचारणारी मुलं वाढलीत. रसायनशास्त्राची साधनं वापरून पेशीत काय चाललंय ते शोधायचं, असा हा विषय. पण अर्ज भरायला बसलं की पहिला पेच येतो: सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत या नावाचा पेपरच नाही. केमिकल सायन्सेस नाहीतर लाइफ सायन्सेस, दोन्हींतला एक घ्यावा लागतो.

त्यामुळे पीएच.डी.ची नोंदणी कोणत्या विषयात होणार, हे आधी ठरवा. पुढे सहायक प्राध्यापकाच्या भरतीत छाननी होते ती विषय बघूनच. एम.एस्सी. सेंद्रिय रसायनात झाली असेल तर नोंदणी रसायनशास्त्रात करावी आणि पेशींवरच्या प्रयोगांसाठी जीवशास्त्रातला सहमार्गदर्शक घ्यावा, असं माझं मत. जळगावला उमवित (कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात) रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या दोन्ही प्रशाळा एकाच आवारात आहेत, त्याचा फायदा घ्या.

पात्रता यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार: पदव्युत्तरला ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना ५ टक्के सूट. चार वर्षांच्या पदवीवरून थेट यायचं तर ७५ टक्के लागतात. २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप), सहायक प्राध्यापक अधिक पीएच.डी. प्रवेश, आणि फक्त पीएच.डी. प्रवेश. शेवटच्या दोन गटांत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भारांश असतो, आणि ते गुण वर्षभरच चालतात. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) झाल्यावर ४२,०००. विद्यापीठाची पेट (पीएच.डी. प्रवेश परीक्षा) घेतली जाणार असेल तर तिची जाहिरात विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तारखांवर विसंबू नका.

मार्गदर्शकाकडे जागा आहे का, हे अर्जाआधीच विचारा. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. सर कितीही मोठे असले तरी हे विचारायला लाजू नका.

कागदांत दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, संशोधन आराखडा आणि नोकरी असेल तर कार्यालयाचं ना हरकत पत्र. एम.एस्सी. पुण्याहून किंवा नाशिककडून केली असेल तर मायग्रेशन (स्थलांतर प्रमाणपत्र) लागतं. ते काढायला वेळ जातो, अर्ज आधीच टाकून ठेवा. सगळ्यात जास्त रखडतं ते जात वैधता प्रमाणपत्र. नंदुरबार, धडगाव, शिरपूर भागातल्या अनुसूचित जमातीच्या मुलांनी तर एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षीच प्रस्ताव टाकावा. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीचं नाव वेगळं लिहिलेलं असलं, तर पुरावे गोळा करण्यातच महिने जातात. नॉन-क्रिमीलेअरची मुदत आणि आधार व गुणपत्रिकेवरचं नावाचं स्पेलिंगही तपासून घ्या.

फेलोशिपचा अर्ज वेगळा करावा लागतो. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या योजना पीएच.डी. नोंदणी झालेल्यांसाठी असतात. अनुसूचित जमातीसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आहे, दरवर्षी ७५० जागा. तिथे नोंदणीचं पत्र मागतात, म्हणून ते हाती पडताच त्याच्या प्रती काढून ठेवा.

आराखड्यात प्राण्यांवर प्रयोग असतील तर प्राणी नैतिकता समितीची, जनुकांत फेरफार असेल तर जैवसुरक्षा समितीची मंजुरी लागते. यावल अभयारण्यातून वनस्पती आणायच्या असतील तर वन विभागाची परवानगी घ्या, आणि ही सगळी पत्रं प्रबंधाच्या फायलीत तारखेनिशी लावा.