एकोणीस विजयांचे कोडे

८ जुलै २०१० रोजी अमेरिकन बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सने दूरचित्रवाणीवर आपण क्लीव्हलँड सोडून मायामीला जात असल्याचे जाहीर केले. आदल्या हंगामात क्लीव्हलँडच्या बास्केटबॉल संघाने ८२ पैकी ६१ सामने जिंकले होते; पुढच्या हंगामात त्याला जेमतेम १९ जिंकता आले आणि त्यात सलग २६ सामने हरण्याची नामुष्कीही पदरी पडली. जेम्स २०१४ मध्ये परतला, २०१८ मध्ये लॉस एंजेलिसला गेला आणि ५० विजयांवर असलेला क्लीव्हलँडचा संघ पुन्हा नेमक्या १९ वरच येऊन ठेपला.

मग या खेळाडूचे मोल ४२ विजय मानायचे की ३१? वजाबाकी सोपी असली तरी तिच्यावर विसंबता येत नाही. २०१० च्या उन्हाळ्यात प्रशिक्षक बदलला, शकील ओनीलसारखे इतर खेळाडूही गेले. २०१८ नंतर उरलेला मोठा खेळाडू केव्हिन लव्ह दुखापतीमुळे २२ सामनेच खेळू शकला. शिवाय तळाच्या संघांना नव्या गुणी खेळाडूंच्या निवडीत अधिक संधी मिळत असल्याने, एकदा बुडू लागलेल्या संघाला सावरण्याची घाईही फारशी नसते. उलट बाजूने पाहिले तर लॉस एंजेलिसचे विजय ३५ वरून ३७ झाले, म्हणजे अवघे दोन वाढले. पण त्या हंगामात जेम्स ५५ च सामने खेळला होता. प्रयोगशाळेत एकच घटक बदलून बाकीचे स्थिर ठेवता येतात, तशी सोय येथे नाही.

यावर संख्याशास्त्रज्ञांनी काढलेली तोड मला या साऱ्या विषयातील सर्वांत देखणी गोष्ट वाटते. एखादा खेळाडू मैदानात असताना संघाने मिळवलेले आणि गमावलेले गुण यांतील फरकाला ‘प्लस-मायनस’ म्हणतात. हा आकडा फसवा असतो, कारण चांगल्या साथीदारांबरोबर खेळणाऱ्याला तो फुकटात मिळतो. म्हणून सामन्याचे असे तुकडे पाडतात, की प्रत्येक तुकड्यात मैदानावरचे दहाही जण तेच राहतील. प्रत्येक तुकडा म्हणजे एक समीकरण: यजमान पाच जणांच्या मोलाची बेरीज वजा पाहुण्या पाच जणांची बेरीज म्हणजे, योगायोगाचा भाग सोडल्यास, गुणांतील फरक. अशी हजारो समीकरणे एकत्र सोडवली की साथीदार आणि प्रतिस्पर्धी यांचा वाटा वेगळा काढता येतो. वेन विन्स्टन आणि जेफ सॅगरिन यांनी अशी पद्धत डॅलस मॅव्हरिक्स संघासाठी वापरली.

अडचण अशी, की काही खेळाडू जवळजवळ नेहमीच एकत्र खेळतात. दर वेळी चहापूड आणि साखर मिळून एकच रक्कम लिहिणाऱ्या वाण्याच्या वहीतून साखरेचा भाव कसा काढणार? त्यासाठी फक्त साखर नेल्याची एखादी तरी नोंद लागते. अशा नोंदी थोड्या असल्या की उत्तरे भलतीकडे भरकटतात. म्हणून ‘रिज रिग्रेशन’ या तंत्राने प्रत्येक उत्तर शून्याकडे ओढून धरले जाते आणि भक्कम पुरावा असेल तरच त्याला दूर जाऊ दिले जाते.

विजयांचे मोल असे अंदाजाने तरी काढता येते. पैशांतील मोल मात्र बाजारात दिसतच नाही, कारण तेथे भावावरच झाकण आहे. आयपीएलमध्ये ऋषभ पंतला १२० कोटींच्या थैलीतून २७ कोटी मिळाले, ते उघड्या लिलावात सर्वांसमक्ष. एनबीएमध्ये, म्हणजे जेम्स खेळतो त्या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये, दहा वर्षे खेळलेल्या खेळाडूलाही नव्या संघाकडून संघाच्या वेतनमर्यादेच्या (सर्व खेळाडूंच्या एकत्रित वेतनावरील मर्यादेच्या) साधारण ३५ टक्क्यांपेक्षा अधिक मिळू शकत नाही. २०१८-१९ मध्ये ही मर्यादा सुमारे १०.१९ कोटी डॉलर होती आणि जेम्सचे वेतन सुमारे ३.५७ कोटी. हे झाकण येण्यापूर्वी, १९९७-९८ मध्ये, एकट्या मायकेल जॉर्डनला सुमारे ३.३ कोटी डॉलर मिळाले होते आणि अख्ख्या संघाची मर्यादा होती २.६९ कोटी, आपल्याच खेळाडूसाठी ती ओलांडण्याची मुभा होती. जेरी हाउसमन आणि ग्रेगरी लिओनार्ड या अर्थतज्ज्ञांनी तर १९९१-९२ च्या हंगामात जॉर्डनमुळे इतर संघांना सुमारे ५.३ कोटी डॉलरचा लाभ झाल्याचा अंदाज मांडला. तो पाहुणा म्हणून येई, तेव्हा गल्ला यजमानांचा भरे.

करार संपून मोकळ्या झालेल्या, म्हणजे ‘फ्री एजंट’ बनलेल्या मोठ्या खेळाडूला अनेक संघ जवळपास सारखीच रक्कम देऊ शकतात, त्यामुळे खरी चढाओढ शहर, साथीदार आणि संघातील भूमिका यांवर होते. या गोष्टींना बोली लागत नाही, त्या बंद दाराआड ठरतात आणि बाहेर येते ती फक्त कुणकुण. ती सोडणाऱ्या, खेळाडूच्या वतीने बोलणी करणाऱ्या दलालाला ग्राहकांची गर्दी दाखवायची असते, तर संघाला आपल्या चाहत्यांची आशा टिकवायची असते. त्यातून तोंडी होकारही सहीपर्यंत बंधनकारक नसतो. जुलै २०१५ मध्ये डीआंद्रे जॉर्डन या दुसऱ्या एका खेळाडूने डॅलसला होकार दिला, तेव्हा ती बातमी खरीच होती. करारावर सह्या करण्याचा दिवस उजाडण्याआधी त्याच्या जुन्या संघाची, क्लिपर्सची, मंडळी ह्यूस्टनला त्याच्या घरी जाऊन बसली आणि मध्यरात्र उलटताच त्याने सही केली ती क्लिपर्सच्याच करारावर.