सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली, पण एएस की एसएस?

शिबिरात बोटातून रक्ताचा थेंब घेतला, चाचणीच्या नळीतलं द्रावण गढूळ झालं आणि कागदावर ‘सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह’ असं लिहून आलं. गडचिरोली, मेळघाट, नंदुरबार या भागांत हा कागद अनेक घरांच्या ओळखीचा आहे. तो हाती आला की कुणी ‘पोराला सिकलसेल झाला’ म्हणून हातपाय गाळतं, तर कुणी ‘त्रास नाही ना काही, मग राहू दे’ म्हणून कागद पत्र्याच्या पेटीत टाकतं. दोघांचीही घाई होते. रक्तात एस हिमोग्लोबिन, म्हणजे सिकलसेलला कारण असणारं बदललेलं हिमोग्लोबिन आहे, एवढंच ही चाचणी सांगते. ते आईबापांपैकी एकाकडूनच आलं असेल तर माणूस वाहक, म्हणजे एएस. दोघांकडून आलं असेल तर ग्रस्त, म्हणजे एसएस. हा फरक कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी, करावीच लागते.

चाचणीला हा फरक का दिसत नाही? कारण नळीतलं रसायन हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन जवळजवळ सगळाच काढून घेतं. तितक्या टोकाला नेलं तर दोन्ही रक्तं सारखीच वागतात. १९१७ साली एमेल या संशोधकांनी अमेरिकेत एका रुग्ण स्त्रीच्या रक्ताचा थेंब काचेखाली बंद करून ठेवला, तेव्हा पेशी विळ्यासारख्या झाल्या. तिच्या वडिलांना काहीच आजार नव्हता, तरी त्यांच्याही पेशी तशाच वाकल्या. बंद थेंबात नेमकं घडतं काय, हे १९२७ मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी दाखवलं: ऑक्सिजन काढला की विळा, परत दिला की पुन्हा गोल. वडील आणि मुलगी यांच्यातला फरक काचेवर नव्हताच; तो होता शरीरात.

एस हिमोग्लोबिनच्या बीटा नावाच्या प्रथिन-साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल असतं. ऑक्सिजन सुटला की रेणूचा आकार बदलतो आणि एका रेणूतलं हे व्हॅलिन शेजारच्या रेणूतल्या खाचेत जाऊन बसतं. एकाला एक जोडत लांब, ताठ दोर तयार होतात आणि आतून पेशीला ताणतात. ऑक्सिजन पुन्हा मिळाला की दोर विरघळतात. एएस असो की एसएस, नियम हाच.

पण दोर वळायला वेळ लागतो, आणि तो वेळ पेशीत एस किती दाट आहे यावर ठरतो. दाटपणा जरासा वाढला तरी वेळ कितीतरी पटींनी घटतो. एएसच्या पेशीत साध्या ए हिमोग्लोबिनचा वाटा निम्म्याहून जास्त असतो. एस साधारण ३५ ते ४० टक्के. ए त्या दोरात सहजी गुंफला जात नाही. केशवाहिनी ओलांडायला पेशीला सेकंदभर लागतो आणि थोड्याच सेकंदांत ती फुप्फुसात परत येते. तेवढ्यात एएसमध्ये दोर वळायला सुरुवातही होत नाही.

एसएसमध्ये मात्र शिरांमधल्या नेहमीच्या ऑक्सिजनवरही, म्हणजे विश्रांतीत हिमोग्लोबिन साधारण ७५ टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतानाही, पेशी वाकू शकते. तरी बहुतेक पेशी दोर वळण्याआधीच फुप्फुस गाठून सुटतात. ताप, जंतुसंसर्ग, थंडी यांनी वाट अडली, पेशी रेंगाळली, की विळा होतो, वाहिनी तुंबते आणि हाडं ठणकू लागतात. मे महिन्यातल्या चंद्रपूरच्या उन्हात अंगातलं पाणी आटलं तर पेशीतला एस आणखी दाट होतो. भरपूर पाणी पी, हा डॉक्टरांचा हेका यासाठी असतो. वारंवार वाकून-उलगडून काही पेशींचं आवरणच बिघडतं. मग कितीही ऑक्सिजन दिला तरी त्या सरळ होत नाहीत. साधी तांबडी पेशी १२० दिवस जगते, एसएसमधली बहुधा १० ते २० दिवस.

कोरोनानंतर घरोघरी ऑक्सिमीटर आले, त्यामुळे एक गोष्ट सांगायला हवी. ते यंत्र धमनीतलं रक्त मोजतं. विळे होतात ते त्याच्या पुढच्या वाटेवर. बोटावर ९७ आकडा दिसला म्हणून एसएसच्या रुग्णाचं दुखणं खोटं ठरत नाही.

वाहकाला कधीच काही होत नाही, असंही नाही. मूत्रपिंडाच्या गाभ्यात ऑक्सिजन फार कमी आणि रक्त फार दाट, त्यामुळे तिथे एएसच्या पेशीही वाकतात. काहींच्या लघवीतून कधीतरी रक्त जातं. खूप उंच डोंगरावर प्लीहेला (पाणथरीला) इजा होऊ शकते, आणि उन्हात पाण्याविना जीव तोडून पळणंही धोक्याचं. एरवी वाहक चारचौघांसारखाच. लग्नाच्या वेळी मात्र विचारायला हवं: दोघंही एएस असतील तर दर गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के.

एचपीएलसीचा कागद आला की ए आणि एस यांपैकी जास्त कोण ते बघा. एएसमध्ये ए जास्त असतो. दोन्ही आहेत पण एस वरचढ आहे, असं दिसलं तर सोबत बीटा थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक आजारही असू शकतो, डॉक्टरांना दाखवाच. आणि गेल्या तीनेक महिन्यांत रक्त चढवलं असेल, तर ते नमुना देण्याआधीच सांगा. दात्याचा ए मिसळला की एसएसचा माणूसही कागदावर एएससारखा दिसतो.