वन्यजीव की सागरी जीवशास्त्र : कॉलेज निवडताना पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

बारावीनंतर बहुतेक मुले आधी कॉलेजचे नाव शोधतात. त्याआधी पदव्युत्तर प्रवेशाची आणि नोकरीची पात्रता वाचावी आणि तिथून मागे यावे. पदवीचे विषय एकदा ठरले की काही वाटा बंद होतात, आणि हे कळते तोवर तीन वर्षे गेलेली असतात.

उदाहरणार्थ, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था आहे. तिथल्या एम.एफ.एस्सी.च्या (मत्स्यशास्त्रातील पदव्युत्तर पदवी) बहुतेक शाखांना चार वर्षांची बी.एफ.एस्सी. (मत्स्यशास्त्राची पदवी) लागते, प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करून त्या शाखांचे दार ठोठावण्यात अर्थ नाही. मत्स्यशास्त्रच करायचे असेल तर निर्णय बारावीतच घ्यावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीत शिरगावला आहे. तिथला प्रवेश एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो, पण सीईटी दिली म्हणजे अर्ज झाला असे नाही. कृषी अभ्यासक्रमांच्या केंद्रीय प्रवेश फेरीसाठी वेगळी नोंदणी, कागदपत्र पडताळणी आणि पसंतीक्रम भरावा लागतो. हा टप्पा चुकवणारे दरवर्षी असतातच.

भारतीय वन सेवेची अट वेगळी. पदवीत प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायन, भौतिक, भूशास्त्र, गणित, संख्याशास्त्र किंवा पशुवैद्यक यांपैकी किमान एक विषय हवा. नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी हवी. निव्वळ पर्यावरणशास्त्राची पदवी घेणारे इथे अडकतात. म्हणून मेजर (मुख्य विषय) प्राणिशास्त्र आणि मायनर (दुय्यम विषय) वनस्पतिशास्त्र किंवा संख्याशास्त्र ही जोडी आम्हाला सर्वात सुरक्षित वाटते. संख्याशास्त्राचा कंटाळा करू नये. प्राण्यांची गणना शेवटी त्याच्याच जोरावर होते.

सागरी जीवशास्त्राच्या एम.एस्सी.साठी प्रत्येक ठिकाणची परीक्षा निराळी. कोचीच्या कुसाटची (कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ) 'कॅट' नावाची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे. पाँडिचेरी विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग अंदमानात पोर्ट ब्लेअरला (आताचे श्री विजयपुरम) आहे आणि तिथे सीयूईटी-पीजी ही केंद्रीय विद्यापीठांची सामाईक पदव्युत्तर प्रवेश परीक्षा चालते. या परीक्षेचा अर्ज भरताना विद्यापीठाच्या यादीतला पेपरचा कोड पाहूनच विषय निवडा. निकालानंतर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पुन्हा अर्ज करावा लागतो. नुसते गुणपत्रक हातात असून प्रवेश मिळत नाही. तमिळनाडूत अण्णामलै विद्यापीठाचे परांगीपेट्टै केंद्र याच विषयाचे आहे.

वन्यजीवांच्या एम.एस्सी.साठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरूचे एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) ही दोन मोठी नावे. एनसीबीएसला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, मात्र तिथली तुकडी दरवर्षी निघत नाही. त्यामुळे पदवी संपण्याचे वर्ष आणि प्रवेशाचे वर्ष जुळते का, हे आधीच पाहावे. दोन्हीकडे लेखी परीक्षेनंतर मुलाखत असते.

आता कागदपत्रे. सर्वाधिक अर्ज लटकतात ते आरक्षणाच्या दाखल्यांवर. राज्याचे नॉन क्रिमिलेअर (उन्नत गटात मोडत नसल्याचे) प्रमाणपत्र तीन वर्षांपर्यंत वैध असू शकते. केंद्रीय संस्था मात्र केंद्राच्या नमुन्यातले आणि बहुधा त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचे मागतात. दाखल्याचा अर्ज करतानाच 'केंद्र शासनाच्या नमुन्यात' असे स्पष्ट सांगावे, नाहीतर राज्याचाच दाखला हातात पडतो. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) हा राज्याचा प्रवर्ग केंद्रात नाही. धनगर, वंजारी यांसारख्या राज्यातल्या भटक्या जमाती केंद्राकडे ओबीसीत मोडतात, म्हणून जातीचे नाव केंद्रीय यादीत जसे लिहिले आहे तसेच दाखल्यावर आहे ना, ते तपासावे. ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखला चालू आर्थिक वर्षाचाच लागतो. कुटुंबाकडे पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असल्यास केंद्राचा दाखला मिळत नाही, मग उत्पन्न कितीही कमी असो.

राज्यातल्या प्रवेशाला याखेरीज वय, राष्ट्रीयत्व व अधिवास दाखला आणि राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. वैधतेला महिने लागतात, म्हणून अकरावी-बारावीतच प्रस्ताव टाकावा.

नाव हा आणखी एक घोळ. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचे नाव गाळलेले. अर्जात दहावीप्रमाणेच नाव लिहावे आणि आधार आधीच दुरुस्त करून घ्यावे. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी अर्ज करू शकतात, पण निकाल लांबला तर जागा हातची जाते. तसे दिसल्यास विभागप्रमुखांकडून 'शेवटच्या वर्षाला बसला आहे' असे पत्र आणि आधीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका जवळ ठेवाव्यात. परराज्यात जाताना आपल्या विद्यापीठाचे मायग्रेशन प्रमाणपत्र लागते. ते निकालानंतरच मिळते, तेव्हा निकाल लागताच पहिल्या आठवड्यात अर्ज टाकावा.