लुकडं मूल आणि खुजं मूल, दोघंही कुपोषित पण भानगड वेगवेगळी

कुपोषण म्हटलं की आपल्यासमोर बरगड्या दिसणारं पोर उभं राहतं, मेळघाटच्या बातम्यांतले फोटो डोक्यात बसलेत ना. पण ते झालं लुकडं मूल, खुजं मूल फोटोत ओळखूच येत नाही.

लुकडं म्हणजे उंचीच्या मानाने वजन कमी. जुलाब झाले, ताप आला, पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं, की काही आठवड्यांत पोर उतरतं. अंगणवाडीत दंडाला रंगीत पट्टी लावतात, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड 11.5 सेंटिमीटरच्या खाली भरला की ते सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषित. जीवाला धोका असतो म्हणून धावपळ होते आणि वेळेत उपचार मिळाले तर काही आठवड्यांत सावरतं पण.

खुजं म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी. हे सावकाश होतं, सुरुवात आईच्या पोटातच, आई अशक्त, मग सारखे जुलाब, वरचं खाणं उशिरा आणि तेही पाण्यासारखं पातळ, अशी पहिली दोनेक वर्षं गेली की ती उंची नंतर फारशी भरून निघत नाही. उशिरा नुसतं तेल-साखर चारलं तर पोर जाड होईल, उंच नाही. चार वर्षांचं मूल तीनचं दिसतं, खेळतंय, हसतंय, मग कोण कशाला विचारतंय? वर आपलं ठरलेलं, "बाप बुटका म्हणून पोरगं बुटकं". पण जागतिक आरोग्य संघटनेने 2006 चे वाढीचे तक्ते सहा देशांतली मुलं मोजून केले, त्यात दिल्लीची पण होती, आणि खाणंपिणं नीट असलेली मुलं सगळीकडे जवळपास सारखीच वाढत होती. म्हणजे एखाद्या घरात असेल अनुवंश, पण अख्खा तालुका खुजा असेल तर ते गरिबीचंच माप.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात पाचाखालची सुमारे 35 टक्के मुलं खुजी आणि 26 टक्के लुकडी निघाली, काही दोन्हीत मोजलेली. आणि वजन-वयाचा आकडा, जो आपल्याकडे सगळ्यात जास्त बोलला जातो, तो या दोघांची खिचडी करतो, त्यावरून मूल नक्की कुठल्या गटातलं ते कळत नाही.

पैशाचा हिशोब खुजेपणात लांबतो. ग्वाटेमालात 1969 पासून दोन गावांतल्या मुलांना प्रथिनांचं पेय दिलं, दुसऱ्या दोन गावांत साधं गोड पेय. प्रथिनं लहानपणीच मिळालेल्या पुरुषांची ताशी मजुरी मोठेपणी 46 टक्के जास्त निघाली! जमैकात खुज्या मुलांच्या घरी दर आठवड्याला कुणीतरी जाऊन आईला मुलाशी खेळायला शिकवायचं, ती मुलं वीस वर्षांनी 25 टक्के जास्त कमवत होती, नुसता पूरक आहार मिळालेल्यांत मात्र तसा फरक दिसला नाही.

लुकड्या पोरासाठी निदान औषध, वॉर्ड, बातमी तरी असते. खुज्या पोराचा खर्च गरोदर बाईच्या ताटावर, पाण्याच्या नळावर, संडासावर करायचा, आणि फळ दिसेपर्यंत चार-पाच निवडणुका होऊन गेलेल्या असतात.