‘नेट गेलं’ म्हणजे नेमकं काय गेलं?

नेट बंद पडलं की घरातला पहिला हात राउटरच्या स्विचकडे जातो. बंद करा, चालू करा, दोन मिनिटं थांबा. पुष्कळदा एवढ्यावर भागतंही. पण त्या दोन मिनिटांत बिघाडाच्या सगळ्या खुणा पुसल्या जातात, आणि चार दिवसांनी तोच बिघाड पुन्हा हजर होतो. म्हणून स्विचला हात लावण्याआधी डबीवरच्या (कंपनीची केबल जिच्यात येते ती; राउटर बहुधा तिच्यातच असतो) दिव्यांचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा. कोणता दिवा लाल, कोणता लुकलुकतोय, कोणता विझलाय, यावरूनच अर्धं निदान होतं.

फायबर म्हणजे काचेचा तंतू; त्यातून नेट प्रकाशाच्या रूपात येतं. फायबरच्या डबीवर ‘पॉन’ (PON) आणि ‘लॉस’ (LOS) हे दोन दिवे महत्त्वाचे. पॉन स्थिर हिरवा म्हणजे फायबर ठीक. पॉन लुकलुकतोय म्हणजे प्रकाश पोहोचतोय, पण कंपनीच्या यंत्राने तुमच्या डबीला अजून आत घेतलेलं नाही. लॉस लाल म्हणजे प्रकाशच येत नाही. मग राउटर शंभर वेळा बंद-चालू केला तरी फरक पडणार नाही. आणि हे दोन्ही ठीक असून फक्त ‘इंटरनेट’चा दिवा लाल असेल तर आधी रिचार्ज संपलाय का ते बघा. हे सांगायला संकोच वाटतो, पण असं होतं.

लाल लॉस दिसला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न टाका. त्याच कंपनीचे बाकीचेही ओरडत असतील तर बाहेरची लाइन गेली आहे: कुठेतरी खोदकामात जेसीबीने केबल तोडली असेल किंवा पावसात झाडाची फांदी पडली असेल. फक्त तुमचंच गेलं असेल तर दोष जिन्यातल्या किंवा पार्किंगमधल्या स्प्लिटरच्या पेटीपासून तुमच्या घरापर्यंतच्या तुकड्यात.

हा स्प्लिटर समजून घेण्यासारखा आहे. कंपनीकडून निघालेला काचेचा एकच तंतू बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो, तोही विजेशिवाय. आत फक्त काच असते. कंपनीकडून येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, तुमच्याकडून जाणारा १३१० चा, म्हणून दोन्ही एकाच तंतूतून एकाच वेळी ये-जा करतात. दोन्ही अवरक्त, डोळ्यांना न दिसणारे. त्यामुळे ‘प्रकाश येतोय का’ म्हणून फायबरच्या टोकात डोकावू नये.

प्रत्येक वेळी दोन वाटे पडले की प्रकाश निम्मा होतो, म्हणजे ३ डेसिबलने घटतो. ३२ घरं म्हणजे पाच वेळा निम्मा, म्हणजे १५ डेसिबल. प्रत्यक्षात १७ च्या आसपास. त्यात जोडांची आणि अंतराची घट मिळवली की घरी पोहोचणारा प्रकाश मिलीवॉटचा शंभरावा भाग किंवा त्याच्या आसपास उरतो. हा आकडा तुम्हाला घरबसल्या बघता येतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका (काही डब्यांवर १९२.१६८.०.१, खालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं) आणि ‘ऑप्टिकल पॉवर’ किंवा ‘आरएक्स पॉवर’ शोधा. तो डीबीएममध्ये असतो: ० म्हणजे एक मिलीवॉट, आणि उण्याचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. उणे १५ ते उणे २४ डीबीएम असेल तर निश्चिंत राहा. उणे २७ ही नेहमीच्या डबीची मर्यादा. उणे २६ दाखवत असेल तर नेट चालू दिसेल, पण कुणी केबलला धक्का दिला की पडेल. ‘मधूनमधून जातं’ या तक्रारीमागे हा आकडा अनेकदा सापडतो.

आकडा खराब का होतो? पुण्यातल्या फ्लॅटमध्ये फायबर बहुधा बाल्कनीच्या सरकत्या खिडकीच्या फटीतून आत घेतलेली असते. खिडकी रोज सरकते, केबल रोज चेपते. घरातली नव्या जातीची फायबर साधारण १० मिलीमीटर त्रिज्येचा वळसा सहन करते, जुनी ३० मिलीमीटरचा. त्याहून आवळली की वळणावर प्रकाश बाहेर गळतो. कपाट भिंतीला टेकवताना मागे दबलेली पॅचकॉर्डही (डबीला जोडलेला फायबरचा छोटा तुकडा) तेच करते. दुसरं कारण धूळ. आतला गाभा जेमतेम ९ मायक्रॉन रुंद, तेव्हा एक कणही पुरे. टोक शर्टाला पुसू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड लागतं, नाहीतर तंत्रज्ञाकडूनच करून घ्या. आणि हिरवा कनेक्टर निळ्यात खुपसू नका. हिरव्याचं टोक ८ अंश तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. एकमेकांत बसतात खरे, पण मध्ये फट राहते आणि प्रकाश वाया जातो.

काच वीज वाहून नेत नाही आणि रेडिओलहरीही सोडत नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना मध्यवर्ती इमारतीला फायबरनेच जोडल्या आहेत. काच वीज वाहत नाही याचा फायदा आपल्याला वळवाच्या पावसात दिसतो. गडगडाटात लॅन पोर्ट (राउटरवरच्या केबल लावायच्या खाचा) जळतात ते बहुधा गच्चीवरच्या नेटवर्क स्विचमधून, म्हणजे अनेक घरांना जोडणाऱ्या पेटीतून, तांब्याची केबल घरात आणलेल्यांचे. तुमच्याकडे अजून तशी जोडणी असेल तर आभाळ भरून येताच, विजा सुरू होण्याआधीच, केबल काढून ठेवणं उत्तम.

आता घरातली वायर. प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि लॅपटॉपला केबल लावून वेग नेमका ९४ च्या आसपास अडकतोय? मग कंपनीशी भांडण्याआधी केबल बदला. १०० एमबीपीएसच्या जोडणीला आठपैकी चार तारा पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली की दोन्ही उपकरणं मुकाट १०० वर उतरतात, आणि त्यातले पाचेक टक्के पाकिटांच्या (डेटा ज्या छोट्या तुकड्यांत जातो त्यांच्या) वेष्टनात जातात. सगळं चालू दिसतं, त्यामुळे हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो. जुन्या राउटरचे पोर्टच १०० चे असतील तरी हाच आकडा दिसेल.

दोष कोणत्या टप्प्यात आहे ते ठरवायला लॅपटॉपवर तीन पिंग पुरतात. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघणारी आज्ञा. आधी राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला. उत्तर आलं नाही तर दोष घरातच. मग ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या बाहेरच्या सर्व्हरला. राउटर उत्तर देतोय आणि हा देत नाही, तर दोष राउटरच्या पलीकडे. शेवटी एखाद्या संकेतस्थळाला नावाने. आकड्याने जमतं आणि नावाने नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी सोय, बिघडलंय; राउटरमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घाला. लॅपटॉपचा स्वतःचाच पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने त्याला पत्ताच दिलेला नाही.

पुष्कळ तक्रारींत बाहेरचं काहीच बिघडलेलं नसतं, बिघडलेलं असतं वाय-फाय. म्हणून वेग मोजायचा तो केबल लावून. केबलवर पूर्ण आणि बेडरूममध्ये रडतोय, तर राउटरची जागा चुकली. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, फिश टँकशेजारी या तिन्ही जागा वाईट, कारण धातू लहरी परतवतो आणि पाणी शोषतं. वाय-फायचे नेहमीचे पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्झला फारसं पुढे जाऊ देत नाहीत; तिथे २.४ बरा. उलट कोथरूड-वाकडच्या दाट इमारतींत २.४ वर शेजाऱ्यांची वीस-पंचवीस नावं सहज दिसतात, तिथे जवळ बसून ५ वापरावा. फोनवर सिग्नल मोजणारं ॲप घ्या: व्हिडिओ कॉलला उणे ६७ डीबीएमच्या आत हवं, उणे ८० ला आशा सोडा.

२.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ च निवडावा. एकाच चॅनेलवरचे दोन राउटर एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात. पण कुणी हुशारीने ३ निवडला, तर १ आणि ६ वाल्यांना त्याचं बोलणं कळत नाही, नुसता कलकलाट ऐकू येतो, आणि तिघांचंही नुकसान होतं. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो.

वेग पूर्ण, सिग्नल पूर्ण, तरी मीटिंगमध्ये आवाज तुटतो? घरातल्या कुणाच्या फोनवर फोटोंचा बॅकअप चाललाय का बघा. अपलोड भरला की राउटरच्या आत पाकिटांची रांग लागते आणि तुमच्या आवाजाची पाकिटं त्या रांगेत मागे उभी राहतात. पिंग चालू ठेवून बॅकअप सुरू करा. १० मिलिसेकंदांचे काहीशे झाले तर चोर सापडला. बॅकअप रात्रीवर टाका, किंवा राउटरमध्ये ‘क्यूओएस’ (QoS, कुणाला किती वेग द्यायचा ते ठरवणारी सोय) असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांवर ठेवा.

मागच्या छोट्या भोकातलं रीसेट बटण दाबण्याचा मोह टाळा. त्याने कंपनीने भरलेलं यूजरनेम-पासवर्ड उडतं आणि त्यांचा माणूस येईपर्यंत घर बिननेटचं. लांबच्या खोलीसाठी दुसरा राउटर जोडायचा तर तो ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर ठेवावा. नाहीतर दोघेही पत्ते वाटत बसतात. साध्या रिपीटरपेक्षा (वाय-फाय पकडून पुढे पाठवणाऱ्या डबीपेक्षा) केबल ओढलेली बरी, कारण एकाच रेडिओवर ऐकून पुन्हा बोलणारा रिपीटर वेग निम्मा करतो.

राउटर आपणहून बंद-चालू होत असेल तर ॲडॉप्टरवर संशय घ्या. उन्हाळ्यात तापून आतले कपॅसिटर म्हातारे होतात. नवा घेताना व्होल्ट तेच हवेत, बहुधा १२. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी नकोत. वीज गेल्यावरही नेट हवं असेल तर १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो, पण डबी आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्ही त्यावर घ्या. जिन्यातला स्प्लिटर विजेशिवाय चालतोच.

तक्रार नोंदवताना ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका; त्यावर ‘सर, रीस्टार्ट करून बघा’ हेच उत्तर येणार. ‘लॉस लाल नाही, आरएक्स पॉवर उणे २६.५, काल उणे २१ होती, केबलवर पिंग तुटतोय, स्प्लिटरपाशी पॉवर मोजून द्या’ असं म्हणा. मग माणूस पॉवर मीटर घेऊनच येतो.