घरचा धंदा वर्गात शिकवताना : सातारा-सांगलीची पार्श्वभूमी

अकरावी वाणिज्यच्या पुस्तकात ‘एकत्र हिंदू कुटुंब व्यवसाय’ हा धंद्याच्या मालकीचा एक प्रकार आहे. धंद्याच्या देण्यांबाबत कर्त्याची, म्हणजे कुटुंबप्रमुखाची, जबाबदारी अमर्याद, बाकीच्या सहहिस्सेदारांची आपापल्या वाट्यापुरती, एवढं लिहिलं की गुण मिळतात. सांगलीत शाळा सुटल्यावर आडतीच्या गादीवर किंवा किराणा दुकानात बसणाऱ्या मुलांना याहून खूप जास्त माहीत असतं. उधारी कुणाला द्यायची, काकांसमोर भाव कधी बोलायचा नाही, वाटणीचा विषय कुठल्या सणाला निघतो, हे सगळं ती पाहत असतात. वर्गात मात्र ते कुणी विचारत नाही. या मातीत किती उदाहरणं पडली आहेत हे पाहिलं, की त्याची हळहळ वाटते.

सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण किर्लोस्करांचं. 1888 मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान सुरू झालं. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. ते तिथून सायकली पाठवायचे आणि थोरले भाऊ रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. 1910 मध्ये औंध संस्थानच्या राजांनी कुंडल स्टेशनजवळ जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. (तो मुलूख आज सांगली जिल्ह्यात आहे. 1949 मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणून या दोन जिल्ह्यांचा इतिहास तोडून सांगता येत नाही.) पुढच्या पिढीतले शंतनुराव अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकून 1926 मध्ये परतले. शिकून आलेल्या मुलाला कारखान्यात जागा कुठली द्यायची, हा प्रश्न तेव्हापासून इथल्या घराघरांत आहे.

मला मात्र याहून मोलाचं उदाहरण गलाईवाल्यांचं वाटतं. खानापूर, आटपाडी, खटाव, माण हा दुष्काळी पट्टा. इथली माणसं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या कामासाठी देशभर पांगली. आधी एक जण जायचा. मग भाऊ, भाचा, गावातला एखादा पोरगा त्याच्या हाताखाली काम शिकायचा आणि तयार झाला की दुसऱ्या शहरात स्वतःचं दुकान टाकायचा. परक्याचं सोनं हाताळायचं, तर माणूस ओळखीचाच हवा. नात्याचा फायदा याहून स्पष्ट दाखवता येणार नाही. आणि अडचणही तिथेच आहे: मामाकडे पगार किती, हे भाच्यानं विचारायचं कसं?

मिरजेची गोष्ट वेगळी आहे. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात मागणी ओसरताच सतार-तंबोऱ्याकडे हात वळवले. घराणं तेच राहिलं, माल बदलला. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

कायदाही याच प्रश्नांशी झगडत आला. घरच्या पैशानं शिकलेल्या मुलाची कमाई घराची की त्याची, यावर वर्षानुवर्षं खटले चालत. 1930 च्या कायद्यानं ती त्याची स्वतःची ठरवली. मुलींना मात्र थांबावं लागलं. महाराष्ट्रानं 1994 मध्ये अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला आणि 2005 मध्ये देशभर सर्वच मुलींना तो मिळाला. पुस्तकातला कर्ता शिकवताना ही 2005 ची तारीख सांगितलीच पाहिजे. वर्गातल्या निम्म्या बाकांचा तिच्याशी थेट संबंध आहे.

कौटुंबिक व्यवसाय हा वेगळा विषय म्हणून अलीकडेच शिकवला जाऊ लागला. 1978 च्या सुमारास हार्वर्डमध्ये ताग्युरी आणि डेव्हिस यांनी कुटुंब, मालकी आणि व्यवस्थापन अशी एकमेकांत अडकलेली तीन वर्तुळं मांडली. मुंबईत एस. पी. जैन संस्थेनं 1997 मध्ये उद्योजक घरांतल्या मुलांसाठी खास अभ्यासक्रम काढला. तिथली फी विट्याच्या किंवा वडूजच्या मुलाला परवडणारी नाही, पण ती तीन वर्तुळं फळ्यावर काढायला खडू पुरतो.

आता पदवीच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचा अनुभवही आला आहे. विद्यार्थ्यांनी आपल्याच घरातली माणसं त्या वर्तुळांत बसवून पाहावीत. आई रोज गल्ल्यावर बसते, उधारीची वही तीच ठेवते, आणि दुकानाच्या कागदांवर तिचं नाव कुठेच नाही, असं पुष्कळ घरांत निघेल. पहिला तास त्यावरच जाऊ द्यावा.