‘एम.ए.ला शिकवणं सोपं’ म्हणे!

स्टाफरूममध्ये कायम ऐकू येणारं वाक्य: ‘तुमचं बरंय, एम.ए.चे तास! मुलं स्वतःच वाचतात. खरी मेहनत बी.ए.ला.’ हा समज चुकीचा आहे.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवायचं आहे. त्यात पदव्युत्तरला वेगळी सवलत नाही. बदलतं ते काम.

माझा विषय इतिहास. बी.ए.ला पानिपत शिकवताना 14 जानेवारी 1761, पक्ष, कारणं, परिणाम सांगितले की गाडी पुढे सरकते. एम.ए.ला प्रश्न एकच: हे आपल्याला कशावरून कळलं? काशीराज पंडित लढाईच्या वेळी तिथेच होता, पण अब्दालीच्या बाजूने लढणाऱ्या अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याच्या पदरी, आणि त्याने हकिगत लिहिली ती बऱ्याच वर्षांनंतर. मग त्याचं कुठलं वाक्य धरायचं, कुठलं सोडायचं? एका परिच्छेदावर अख्खा तास जातो. तरी मागच्या बाकावरून आवाज येतोच, ‘सर, नोट्स कधी देणार?’

मुलं स्वतः वाचतात, हेही अर्धंच खरं. वर्गात बी.कॉम. करून आलेली मुलं असतात, कुणी सकाळची नोकरी उरकून धापा टाकत पोचतं. त्यांना आधी पाया लागतो, तोही ‘हे तर बी.ए.चं’ असं न म्हणता.

शिवाय प्रबंधिका, म्हणजे एम.ए.च्या मुलांचा छोटा शोधप्रबंध! परवा एकीच्या पहिल्या प्रकरणात मी समासात अकरा वेळा ‘कशावरून?’ लिहिलं. ती रुसली. आठवड्याने परतली, दोन पत्रांच्या झेरॉक्स घेऊन.